हरकतीचे दहा दिवस

नियम माझा होता, हे आधीच सांगून टाकते. उद्या कोणी जुनी पत्रं उकरून माझ्या तोंडावर फेकण्यापेक्षा मीच कबूल केलेलं बरं.

"कोणतीही सूचना यादीवर दहा दिवस राहील. दहा दिवसांत कोणाची हरकत आली नाही, तर ती मंजूर समजावी. एकदा आवृत्ती गोठवली की कोणाच्याही सांगण्यावरून तिच्यात बदल होणार नाही, माझ्यासुद्धा." चार वर्षांपूर्वी हे मी लिहिलं. शेवटचा शब्द निव्वळ रुबाबासाठी घातला होता. त्या आधी आमच्यात एकेका सूचनेवर महिना महिना काथ्याकूट चालायचा, आणि ज्यांना काही करायचं नसतं तेच सगळ्यात जास्त बोलायचे. माझ्या नियमानंतर सगळे सुतासारखे सरळ आले. मला त्याचा फार अभिमान होता.

आमचा प्रोग्राम म्हणजे 'कपाट'. रुग्णालयं, ग्रंथालयं, जुनी दफ्तरं आपले कागद त्यात साठवतात. प्रोग्राम खुला आहे. कोणीही फुकट घ्यावा, आत डोकावावं, हवा तसा बदलावा. तो सांभाळणारे आम्ही पाच जण पाच ठिकाणी राहतो, पोटापाण्याचं काम वेगळं करतो, आणि शनिवारी सकाळी पडद्यावर एकमेकांची तोंडं बघत भांडतो. माझ्याकडे कपाटाचं एक हत्यार आहे, त्याचं नाव 'चिमटा'. खिडक्या उघडत, माउसने टिचक्या मारत बसायला नको. हुकूम टाइप करायचा, की चिमटा कपाटातून नेमका कागद ओढून आणतो. दहा हुकूम एकाखाली एक लिहून ठेवले तर दहाही ओळीने पार पाडतो.

चिमटा मी बारा वर्षांपूर्वी एकाच माणसासाठी लिहिला. माझ्या दादासाठी.

दादाला दिसत नाही. सोळाव्या वर्षी त्याला ताप आला, आणि तो ताप जाताना डोळे घेऊन गेला. तो एका रुग्णालयाच्या कागदपत्र विभागात कामाला आहे. वॉर्डातून फोन येतो, अमक्या पेशंटचे जुने कागद हवेत. ते शोधून वर पाठवायचे, एवढंच काम. पण ते चटकन व्हावं लागतं, कारण वर कोणीतरी पलंगाशी उभं असतं. दिसणारे लोक हे काम माउसने करतात. दादाच्या एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानात पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचणारा प्रोग्राम, ज्याला आमच्या घरात 'बडबड्या' म्हणतात. चिमटा एका ओळीत एका पेशंटची माहिती द्यायचा: नंबर, नाव, तारीख, कागद. बडबड्या ती ओळ वाचायचा, दादाची बोटं तेवढ्यात पुढचा हुकूम देऊन मोकळी. समोरच्या परिचारिकेचं "बघा ना जरा" म्हणून होईपर्यंत कागद वर गेलेला असायचा. अख्ख्या विभागात त्याच्याइतका जलद कोणी नव्हतं. नवीन माणूस आला की त्याला दादाशेजारी बसवत.

पुढे मी चिमटा जगासाठी खुला केला. जगाने घेतलाही. त्यात भर पडत गेली, माझ्यापेक्षा हुशार माणसं आली, आणि माझी त्रेचाळीस पानं त्यांच्या हजार पानांत कुठेतरी विरघळून गेली. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. पोर नावारूपाला आल्यासारखंच वाटायचं.

तर पाचव्या आवृत्तीची आखणी सुरू झाली. चिमट्यात काय सुधारायचं, याची एकतीस कलमांची यादी. सूत्रं आमच्या मुकादमाकडे. हे नाव मीच ठेवलं आहे; माणूस शांत, आवाज कधी चढत नाही, आणि हातातली यादी संपल्याशिवाय कोणाला उठू देत नाही. नववं कलम: काही पुसण्याआधी चिमट्याने एकदा विचारावं. मंजूर. अकरावं: मध्येच जोडणी तुटली तर पहिल्यापासून सुरू न करता राहिलं तिथून पुढे जावं. मंजूर. तेरावं: चूक झाली की चिमट्याने "माफ करा" म्हणावं की नाही. यावर पाऊण तास वाद. मी म्हटलं, हत्यारच माफी मागायला लागल्यावर आपण काय मागायचं? ते कलम रद्द झालं.

चौदावं कलम टापटीपचं; हेही नाव मीच ठेवलेलं. ती एका छापखान्यात पानं लावायचं काम करते, आणि कुठेही वाकडं अक्षर दिसलं की तिला चैन पडत नाही. तिचं म्हणणं, चिमट्याची उत्तरं म्हणजे नुसत्या लांबच लांब ओळी, वाचताना लोकांच्या नाकी नऊ येतात. शंभरएक जणांनी तशी तक्रार केली होती. तिने नवं रूप करून आणलं होतं. सुरेख चौकटी, बाजूने रेघा, प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र रकाना, महत्त्वाचं रंगात. जुनी ओळीची पद्धत मात्र बंद, कारण दोन्ही सांभाळायला माणसं नाहीत. "किती छान दिसतंय," कोणीतरी म्हणालं. खरंच छान दिसत होतं.

मला त्याच क्षणी दादा आठवला. हे मी शपथेवर सांगते, कारण पुढे जे झालं त्यावरून कोणाला वाटेल की मी विसरले. मी विसरले नाही. मी म्हटलं, "माझ्या घरी एक वापरणारा आहे. त्याला विचारून सांगते."

"विचारा," मुकादम म्हणाला. "दहा दिवस आहेत."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी दादाच्या घरी गेले, त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर नवा चिमटा चढवला आणि म्हटलं, "दादा, हे नवं आहे. रोज थोडं वापरून बघ. दहा दिवसांत अडचण आली तर मला सांग. काही बोलला नाहीस तर चाललं असं धरते."

"बरं," तो म्हणाला. वहिनी चहा घेऊन आली आणि विषय दुसरीकडे गेला.

चौथ्या दिवशी मी फोन केला. "कसं वाटतंय?"

"बघतोय."

"काही अडलं?"

"सवय व्हायला हवी गं. होईल."

सातव्या दिवशी तंत्रशाळेत, जिथे मी प्रयोगशाळा सांभाळते, परीक्षा होत्या. दहाव्या दिवशी दुपारी चौदावं कलम मंजूर झालं. टापटीपने मला फुलाचं चित्र पाठवलं. पुढच्या सोमवारी आवृत्ती गोठवली. म्हणजे आता फक्त तपासणी, आणि तपासणीत प्रोग्राम कोसळेल असं काही सापडलं तरच दुरुस्ती. जगभरातली दोनशे बारा रुग्णालयं आणि दफ्तरं ती आवृत्ती आपापल्या यंत्रांवर घासूनपुसून बघायला लागली. दादाचं रुग्णालयही त्यात होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी पुन्हा त्यांच्याकडे जेवायला गेले. दादा हात धुवायला उठला तशी वहिनी माझ्याकडे सरकली.

"तू काय देऊन ठेवलंस त्याला?" तिचा आवाज दबलेला होता, पण राग लपत नव्हता. "रोज कामावरून आला की तिथे जाऊन बसतो. घामाघूम होतो. परवा कीबोर्ड ढकलून दिला त्याने. सतरा वर्षांत मी त्याला कशावर हात उगारताना पाहिलं नाही."

"मला तर म्हणाला, सवय होईल."

"तुला काय म्हणेल तो?"

मी त्याच्या कॉम्प्युटरशी बसले, ईअरफोन कानात घातला आणि बारा वर्षांपूर्वी करायचे तसे डोळे मिटून घेतले. मधल्या काळात ते करायचं मी केव्हा सोडलं, मला आठवत नाही. मग एक साधा हुकूम दिला: या आडनावाचे पेशंट दाखव.

"आडवी रेघ," बडबड्या म्हणाला. "आडवी रेघ आडवी रेघ आडवी रेघ आडवी रेघ." मी मोजलं, एकोणऐंशी वेळा. मग "कोपरा". मग "उभी रेघ". मग अर्धा नंबर. मग "उभी रेघ", अर्धं नाव, "उभी रेघ", तारखेचा तुकडा. मग खालची ओळ: राहिलेला नंबर, राहिलेलं नाव. रकाने अरुंद होते, त्यामुळे मजकूर मोडून खाली घेतला होता. डोळ्याला ते कळतं, नजर आपोआप खाली उतरते. कानाला नाही कळत. कानाला पहिल्या पेशंटची शेपटी दुसऱ्याच्या डोक्याला चिकटलेली ऐकू येत होती.

बडबड्याला रेघा गाळायला सांगता येतं, ते मी करून पाहिलं. मग रेघा गेल्या आणि कोण कुठे संपतो तेही गेलं.

मी ईअरफोन काढला. दादा दाराशी उभा होता.

"बोलला का नाहीस?" मी ओरडलेच. लहानपणापासून तो मला 'तडतड' म्हणतो, ते उगाच नाही. "दहा दिवस दिले होते ना? तोंड शिवलं होतं का तुझं? एक शब्द, दादा. 'नको' एवढा एक शब्द बोलला असतास तर मी तिथल्या तिथे थांबवलं असतं!"

तो खुर्ची चाचपत बसला. "मला वाटलं, तू केलंयस."

"काय?"

"हे नवं. मला वाटलं, तू इतकी मेहनत करून केलंयस. पहिलंही तूच केलं होतंस. आता जगाला हे हवंय म्हणून तू तसं केलंस, आणि मी म्हणू, नको, माझ्यासाठी जुनंच ठेव?" त्याने हाताने चाचपून कीबोर्ड सरळ केला. "आणि मला वाटलं, मीच कमी पडतोय. शिकेन हळूहळू."

मला रडू आलं ते रागाचं होतं, आणि राग कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं. वहिनी ताटं उचलायला लागली.

सोमवारी सकाळी मी यादीवर लिहिलं. चौदाव्या कलमात गंभीर दोष आहे, जुनी ओळीची पद्धत परत आणावी, गोठवणीला अपवाद करावा. तासाभरात मुकादमाचा फोन आला. लिहून उत्तर देणं त्याच्या जिवावर आलं असावं.

"मला फार वाईट वाटलं वाचून," तो म्हणाला, आणि त्याला वाटलं होतं. "पण आता काय करता येईल, सांगा. आपण आत्ता हात घातला की दोनशे बारा ठिकाणची तपासणी पहिल्यापासून. सात आठवडे. आणि जुन्या आवृत्तीची सुरक्षा-दुरुस्ती या महिनाअखेरीला बंद होतेय. मधले सात आठवडे सगळ्यांचे पेशंटचे कागद उघड्यावर टाकायचे?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवडे मोजले.

"मी नाही म्हणत नाहीये. तुम्ही सांगा, टाकायचे का?"

"नाही."

"पुढच्या आवृत्तीत पहिलं कलम हे. सहा महिने."

"सहा महिन्यांत त्याची खुर्ची जाईल हो."

तो मग म्हणाला, "गेल्या खेपेला त्या दफ्तरवाल्या गृहस्थांनी अपवाद मागितला होता. आठवतं?"

आठवत होतं. फोन ठेवल्यावर मी ते शोधूनही काढलं. कुठल्याशा दफ्तरखान्यातला एक माणूस. त्याला जुनी तारीख लिहायची पद्धत हवी होती, गोठवणीनंतर चार दिवसांनी जागा झाला होता. अतिशय नम्र पत्र होतं. खाली माझं उत्तर: "दहा दिवस आपण झोपला होतात काय? नियम सर्वांना सारखा." त्या उत्तराला अकरा जणांनी शाबासकी दिली होती. त्या माणसाने नंतर कधी काही लिहिलं नाही. त्याच्या मागे कोण होतं, घरी काय होतं, मी विचारलं नव्हतं.

टापटीपचा फोन आला तो नुसता रडण्याचा. "मला सुचलंच नाही," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी ते बघत होते ना." तिच्यावर चिडायची माझी तयारी होती, पण तिने मला ती संधीही दिली नाही. आम्ही दोघींनी मिळून एका दुपारी दुरुस्ती लिहून काढली. त्रेपन्न ओळींची. एक शब्द टाइप केला की चौकटी गायब, जुनी सरळ ओळ हजर. मी डोळे मिटून तपासली, टापटीपनेही डोळ्यांवर रुमाल बांधून तपासली. उत्तम चालत होती. खुला प्रोग्राम, तयार दुरुस्ती, आणि ती ठेवायला जगात जागा नाही.

मी दुरुस्ती घेऊन रुग्णालयाच्या यंत्रविभागात गेले. तिथल्या प्रमुख बाई दादाला चांगल्या ओळखत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, त्रेपन्न ओळी वाचल्याही. "बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण बाहेरचं काही मला चढवता येत नाही. तुमच्या प्रकल्पाचा शिक्का असलेली आवृत्ती, आणि तीही तपासलेली. दुसरं काही घातलं तर यंत्रच सुरू होत नाही."

"मग चिमट्याचं उत्तर दुसऱ्या छोट्या प्रोग्रामातून गाळून घेतलं तर?"

"तोही बाहेरचाच की."

शिक्का आमच्याकडेच असतो. त्याला दोन सह्या लागतात, एक माझी आणि एक मुकादमाची. एकट्याच्या मनात काही आलं तरी एकट्याला करता येऊ नये म्हणून. हे कलम कोणी घातलं, ते विचारू नका.

मी हात टेकले. तोवर मला वाटत होतं की माझ्यासारखीने मनावर घेतलं तर काहीतरी वाट निघतेच. मी बारा वर्षं लोकांना तेच सांगत आले होते: नाही आवडलं तर बदला, सगळं तुमच्या हातात आहे. दादाच्या हातात त्याचं यंत्रसुद्धा नव्हतं.

नवी आवृत्ती चढवायचा दिवस ठरला, मंगळवार. मी रजा काढली आणि विभागप्रमुखांची परवानगी काढून दादाशेजारी स्टुलावर बसले. तळघरातली लांबट खोली, भिंतीला लोखंडी मांडण्या, तीन टेबलं, प्रत्येक टेबलावर फोन. दादाच्या टेबलाच्या कडेला बोटाने घासून घासून रंग गेलेला होता. तो नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आला होता. इस्त्रीचा शर्ट घालून, परीक्षेला बसल्यासारखा.

पहिला फोन आला. "हो ताई, बघतो," तो म्हणाला आणि हुकूम दिला. मग ऐकत राहिला. मला ऐकू येत नव्हतं, पण त्याच्या चेहऱ्यावर रेघा सरकताना मला दिसत होत्या. त्याने नंबर दोनदा पुटपुटून जोडला, खात्री केली, कागद पाठवला. पावणेचार मिनिटं. पलीकडून मध्येच दोनदा "हॅलो? आहात ना?" झालं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वळवून पाहिलं आणि लगेच परत फिरवली.

दुसरा फोन, तिसरा, चौथा. एकदाही चुकला नाही. मी मनात म्हणायला लागले की जमेल, हळू का होईना, त्याचं सांभाळून घेतील.

सातवा फोन शस्त्रक्रियेच्या वॉर्डातून होता. आडनाव नेहमीचं, त्याचे एकोणीस पेशंट. दादा ऐकत गेला. पलीकडची परिचारिका घाईत होती. मला पडद्यावर दिसत होतं. पहिल्याचा नंबर मोडून खाली आला होता, तिथेच दुसऱ्याचं नाव सुरू होत होतं. दादाने हुकूम दिला तेव्हा मी तोंड उघडलं, पण नंबर माझ्याही ध्यानात पुरता आला नव्हता. तोवर कागद गेला.

तीन मिनिटांनी फोन वाजला. दादाने उचलला, ऐकलं, आणि मला त्याच्या हातातल्या फोनमधून पलीकडचा आवाज आला: "हे आमच्या पेशंटचे नाहीत हो. रक्तगट वेगळा आहे. बरं झालं मी परत बघितलं."

"तो कागद तुमच्याकडून काढून टाकला का?" दादाने विचारलं. आवाज अगदी शांत होता. "काढा आधी. मी धरतो." मग त्याने शेजारच्या बाईंकडून बरोबर कागद पाठवायला लावला, पोचल्याचं विचारून घेतलं, झालेल्या चुकीची नोंद लिहायला सांगितली, स्वतःचं नाव घालून. कोणाचं काही बिघडलं नाही. हे मी पुन्हा सांगते, कोणाचं काही बिघडलं नाही.

त्याने ईअरफोन काढला. वायर चार बोटांवर गुंडाळली, टेबलाच्या खणात ठेवली आणि उठून उभा राहिला.

"दादा, बस," मी म्हटलं. "एकच झालं. पहिलाच दिवस आहे."

"एकच पुरतं इथे," तो म्हणाला. मग विभागप्रमुखांच्या टेबलाच्या दिशेला वळून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, मला या खुर्चीवर बसवू नका."

माझ्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा हरकत घेतली, ती स्वतःविरुद्ध. आणि ती मात्र तिथल्या तिथे मान्य झाली.

साहेब चांगले होते. त्यांनी त्याला घरी बसवलं नाही. त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला जुन्या फायलींची पानं स्कॅन करून कपाटात घालायचं काम चालतं. त्याआधी त्यांच्या टाचण्या आणि पिना काढाव्या लागतात. ते दादाला दिलं. बोटांनी चाचपायचं, नखाने उचकटायचं, पत्र्याच्या डब्यात टाकायचं. वहिनी सांगते की आठवड्यात त्याच्या बोटांची चाळण झाली. तक्रार अर्थातच नाही. फोनवर आता एक नवीन माणूस बसतो, ज्याला दोन वर्षांपूर्वी दादानेच शिकवलं.

सहाव्या आवृत्तीच्या आखणीला महिन्यातच सुरुवात झाली. पहिलं कलम, माझ्या नावाने: चिमट्याची जुनी ओळीची पद्धत परत आणणे, दुरुस्ती जोडली आहे, त्रेपन्न ओळी. दहा दिवस यादीवर राहिलं. कोणी एक अक्षर बोललं नाही. दहाव्या दिवशी दुपारी मंजूर झालं. टापटीपने या खेपेला फूल पाठवलं नाही. मुकादमाने लिहिलं, "तुमच्या भावाला कळवा."

मी कळवायला गेले. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. दादा फायलींच्या थप्पीमागे बसला होता, त्याच्या पुढ्यात टाचण्यांचा डबा.

"दादा, मंजूर झालं. जुना चिमटा परत येतोय, होता तसाच. चार-पाच महिने."

"अरे वा," तो म्हणाला. डब्यात एक पिन पडली. "तू फार खटपट केलीस गं."

"साहेबांशी मी बोलले. ते म्हणतात, त्याची तयारी असेल तर खुर्ची त्याचीच. बसशील ना परत?"

तो पुढची फाईल चाचपायला लागला. कोपरा सापडला, टाचणी सापडली, ती वाकडी होऊन अडकली होती. तो ती हलक्या हाताने सोडवत राहिला. पलीकडच्या टोकाला फोन वाजला आणि त्याची मान थोडी वळली. नवीन माणसाने फोन उचलला, माउसच्या टिचक्या ऐकू आल्या. दादा त्या मोजत असावा. मग त्याने मान परत सरळ केली.

"दादा, या वेळी तरी तोंडाने बोल. हो म्हण, नाही म्हण. शिव्या घाल मला. पण बोल."

"सांगतो की," तो म्हणाला. अगदी साधेपणाने म्हणाला, टोमणा मारणं त्याला येतच नाही. "दहा दिवस असतात ना तुमच्यात?"

मी हो म्हटलं आणि निघाले.

या दिवसांत मी तीनदा फोन केला. दोनदा वहिनीने उचलला, तो पडलाय म्हणाली. एकदा त्याने स्वतः उचलला, माझ्या तब्येतीची चौकशी केली, परीक्षा संपल्या का विचारलं. साहेबांना मी काय कळवू, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

आज अकरावा दिवस आहे. नियमाप्रमाणे दादाचा होकार झाला.